बाणातला ण

मुलाखतीला अजून अकरा दिवस होते, आणि नरहर शेलारला भीती वाटत होती ती फक्त एका अक्षराची.

बाकीची तयारी पुरी झाली होती. मॅट्रिकचा दाखला, ट्रेनिंग कॉलेजचं प्रमाणपत्र, बडोद्याच्या वसतिगृहाच्या अधीक्षकांनी दिलेलं चारित्र्याचं पत्र, सगळं एका जाड पाकिटात घालून त्यानं ट्रंकेच्या तळाशी ठेवलं होतं. समिती काय काय विचारील याचे बेचाळीस प्रश्न काढून, प्रत्येकाखाली उत्तर लिहून, ती वही त्यानं इतकी वाचली होती की तिचे कोपरे मऊ पडले होते. खडकवळची शाळा बंद पडून सहा वर्षं झाली होती. येणारा प्रत्येक मास्तर वर्षाच्या आत बदली मागून पुण्याकडे निघून जाई, आणि शेवटी बोर्डानं मास्तर पाठवणंच सोडून दिलं. आता तालुक्याच्या शाळा-समितीनं शेवटची संधी म्हणून एक जागा काढली होती. योग्य माणूस मिळाला तर शाळा उघडायची, नाहीतर मंजुरी दुसऱ्या गावाकडे जायची. नरहर बडोद्याहून परत आला तो याचसाठी. ज्या गावात सही करणारी चार माणसं नाहीत, त्या गावातलं प्रत्येक मूल आपल्या हातून वाचायला शिकेल, अशी शपथ त्यानं वहीच्या पहिल्या पानावर लिहिली होती, आणि त्याखाली तारीखही घातली होती.

पण ते अक्षर. नवव्या वर्षी, जुन्या शाळेच्या बदली झालेल्या मास्तरांनी त्याला बडोद्याला नेऊन वसतिगृहात घातलं, तेव्हा पहिल्याच जेवणाला त्यानं "पानी" मागितलं आणि अख्खी पंगत हसली. अधीक्षक दुष्ट नव्हते. त्यांनी त्याला जवळ बसवून सांगितलं, "नळातला न नव्हे बाळ, बाणातला ण." मग पाटी भरून 'पाणी' लिहायला लावलं, पुसायला लावलं, पुन्हा लिहायला लावलं. नावही त्यांनीच बदललं. त्याच्या आईचे, अंबूबाईचे, आधीचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते, म्हणून तिसऱ्याला मुलगी समजून मृत्यूनं सोडून द्यावं यासाठी तिनं त्याचं नाक टोचून त्यात बारीकशी नथ घातली आणि नाव ठेवलं नथू. अधीक्षकांनी नथ काढून कागदात बांधली, रजिस्टरात 'नरहर' लिहिलं, आणि तेरा वर्षांत नाकाचं भोक बुजत बुजत तिळाएवढं उरलं. ण मात्र अजूनही पुरता मुरला नव्हता. घाई झाली, भीती वाटली, की जीभ टाळूवरून घसरून दातांशी येई. समितीचे अध्यक्ष शिक्षणखात्यातले पेन्शनर होते, आणि 'कोण'ऐवजी तोंडून गेलेल्या एका 'कोन'पायी त्यांनी उमेदवार परत पाठवल्याचं कामशेतच्या स्टेशनवर लोक सांगत. शिवाय दुसरा अर्ज पुण्याच्या एका गृहस्थाचा होता, आणि त्याच्या जिभेला हे असलं काही शिकावंच लागलेलं नसणार.

म्हणून नरहर रोज सकाळी गावामागच्या डोंगरातल्या लेण्यात जाऊ लागला.

लेणं म्हणजे काही मोठं नव्हतं. खडकात कोरलेली एक खोली, आत दगडी ओटा, आणि दाराशी पाण्याचं खोल टाकं. लहानपणी गुरं चारताना तो तिथं ओरडायचा आणि भिंती त्याचं ओरडणं परत करायच्या. बडोद्याचे एक शिक्षक म्हणत, आपला उच्चार आपल्याला ऐकू येत नाही, तो बाहेरून ऐकावा लागतो. घरी ओरडून सराव करण्याची सोय नव्हती, शेजारणी दाराशी जमल्या असत्या. मार्गशीर्षातली थंडी होती, खाली भाताची रिकामी खाचरं दहिवरानं पांढुरकी दिसत होती, आणि टाक्यातल्या पाण्यावर एकही तरंग नव्हता. नरहर दारात उभा राहिला, छाती भरून घेतली आणि म्हणाला, "पाणी."

डोळ्याचं पातं लवावं एवढा वेळ गेला आणि लेणं म्हणालं, "पानी."

त्याला आपलाच राग आला. जीभ नीट वळवून तो पुन्हा म्हणाला. पुन्हा "पानी." मग 'बाण', 'कोण', 'शिक्षण' असे सगळे कठीण शब्द त्यानं एकेक करून भिंतीकडे पाठवले आणि भिंतीनं ते दात लावून परत केले. घरी येताना त्यानं मनाशी उलगडा केला, की दगड असतो भरड, त्यात उच्चाराची बारीक वळणं झिजून जात असणार. आणि त्याला थोडं बरं वाटलं.

चौथ्या दिवशी त्यानं पूर्ण वाक्यं घेतली. वहीतला पहिला प्रश्न आणि पहिलं उत्तर. "माझं नाव नरहर कोंडाजी शेलार आहे."

"माजं नाव नरहर कोंडाजी शेलार हाय," लेणं म्हणालं.

एखादं अक्षर दगडात झिजेल, पण 'आहे'चं 'हाय' व्हायला जीभ लागते. त्यानं आत जाऊन ओट्यामागे पाहिलं, टाक्यात वाकून पाहिलं. कोणी नव्हतं. आवाज तर त्याचाच होता, त्यात शंका नव्हती. फक्त थोडा जाड, मोकळ्या रानात हाका मारून मारून रुंद झालेला.

त्या दुपारी तो कोटाचं माप पक्कं करायला कामशेतला गेला. तांदळाच्या वखारींच्या ओळीत फकरुद्दीन शिंप्याचं दुकान होतं. फकरुद्दीनचाचाला लिहिता येत नव्हतं. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक दोरा, दोऱ्याला छातीची, खांद्याची, बाहीची अशा गाठी, आणि असे शेकडो दोरे भिंतीवरच्या खिळ्यांना लोंबत. पण कुठला दोरा कुणाचा हे तो डोळे मिटूनही सांगू शकला असता.

"मुलाखत म्हणजे भेटच ना रे पोरा?" कोट झटकत चाचा म्हणाला. "मग कुणाला भेटायचंय एवढं नटून? पोरगी-बिरगी तर बघितली नाहीस?"

"समितीला भेटायचंय, चाचा. नोकरीसाठी."

"असं होय. मग बटणं चांगली लावतो. समिती काय, आधी बटणंच बघते."

नरहरनं कोट चढवला. बाह्या बेतशीर होत्या, गळा बेतशीर होता, पण खांदे दोन्ही बाजूंनी दोन दोन बोटं सैल पडून खाली ओघळले. चाचानं चष्मा कपाळावर चढवला, खिळ्यावरचा दोरा काढला आणि त्याच्या पाठीवर धरला. गाठ खांद्याच्या पार पलीकडे लोंबत राहिली.

"गाठ चुकत नाही," चाचा हळू म्हणाला. "परवाच तर तू येऊन नवीन माप देऊन गेलास. म्हणालास, ओझी वाहून वाहून खांदं वाढल्यात, चाचा, परत मोजा."

"मी परवा आलो नव्हतो."

"मग दुसरा कोण तुझ्या नाकाचं भोक घेऊन फिरतोय?" चाचा हसला. नरहर हसला नाही हे पाहून त्यानं दोरा गुंडाळून पुन्हा खिळ्याला अडकवला. "बरं बरं, माझे डोळे गेले समज. आता उसवायला वेळ नाही. वाढत्या अंगाचा शिवलाय म्हण. भरशील हळूहळू."

बावीस वर्षांच्या माणसाला वाढत्या अंगाचा कोट. नरहर तो काखेत मारून दीड कोस चालत घरी आला. वाटेत शेंदऱ्या नावाच्या वावराच्या बांधावर गावातले सोपानआबा गवत कापत होते. त्यांनी मान वर न करताच, "नांगराचा फाळ लय झाक लावून दिलास रं, नथू," म्हटलं, आणि नांगर कसा धरतात हेही तेरा वर्षांत विसरलेला नरहर पुढे गेला.

घरी आई चुलीपुढे होती. त्यानं पाणी मागितलं, तिनं तांब्या भरून दिला आणि तो पिताना त्याच्याकडे पाहत राहिली. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. पत्र बडोद्याला पोचलं तेव्हा तेरावाही उलटून गेला होता. शेवटच्या घटकेला मुलाच्या हातचं पाणी वडिलांच्या तोंडात पडलं नाही, हे नरहरच्या मनात कुसळासारखं रुतलेलं होतं, आणि आईजवळ तो विषय काढण्याचं धैर्य त्याला कधी झालं नव्हतं. आज तिनंच काढला.

"तुजा बा बी असाच प्यायचा. घटाघटा," ती म्हणाली. "जाताना मातूर दोनच घोट घेतलं. तुज्या हातचं घेतलं आन् डोळं मिटलं. लय समाधानानं गेला."

नरहरनं तांब्या खाली ठेवला. "आई, मी तेव्हा बडोद्याला होतो."

अंबूबाईनं भाकरी उलटली. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, गोंधळ नव्हता. लांबच्या कुणा नातलगाची चौकशी व्हावी तसं, सहज, ती म्हणाली, "व्हय. त्यो बी व्हता म्हनं तितं."

म्हातारपणाचं मन, एकटेपणाचं मन, असं तो स्वतःला समजावत राहिला. मानसशास्त्रावर त्यानं ट्रेनिंग कॉलेजात एक निबंधही लिहिला होता, आणि त्याला बक्षीस मिळालं होतं.

पुढचे दोन दिवस तो लेण्याकडे फिरकला नाही. ओसरीवर बसून तोंडातल्या तोंडात उत्तरं म्हणून पाहिली. पण न ऐकता बोललेलं उत्तर बरोबर की चूक हे कळेना, आणि जसजसे दिवस सरत गेले तसतशी जीभ उलट जास्तच घसरू लागली. एकदा आईशी बोलताना त्याच्या तोंडून "न्हाई" गेलं. ती गोड हसली. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा वर गेला. त्यानं मोठ्यानं नाव सांगितलं, आणि लेण्यानं शांतपणे दुरुस्ती केली, "नथू."

मुलाखतीच्या आदल्या सकाळी तो शेवटचा वर गेला. सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न त्यानं राखून ठेवला होता. त्याचं उत्तर वहीत दीड पान होतं. त्यात ज्ञानाचा दीप होता, अज्ञानाचा अंधार होता, मातृभूमीचं ऋण होतं. अध्यक्षांचा आवाज काढून त्यानं दाराशी विचारलं, "तुम्हाला ही नोकरी का हवी आहे?"

उत्तर द्यायला त्यानं श्वास घेतला. तेवढ्यात आतून उत्तर आलं.

"कारन मी हितंच व्हतो," आवाज म्हणाला. "कुटं गेलोच न्हाई."

नरहरनं वही मिटली. टाक्यात त्याचं प्रतिबिंब पडलं होतं, पण त्यानं तिकडे पाहिलं नाही. खाली उतरताना त्याला जाणवलं की आपली पावलं दगडावर नेमकी बसताहेत, कुठला दगड हलतो आणि कुठला पक्का हे त्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी कामशेतला गाडी धरून तो लोणावळ्याला उतरला. समिती एका बंगल्याच्या पडवीत बसली होती. मधल्या खुर्चीत अध्यक्ष, डावीउजवीकडे आणखी दोघे, कोपऱ्यात कारकून. पुण्याचे गृहस्थ आधी आत जाऊन हसतमुखानं बाहेर आले आणि नरहरच्या कोटाच्या ओघळलेल्या खांद्यांकडे एकदा बघून निघून गेले. मग शिपायानं नाव पुकारलं.

पहिली पंधरा मिनिटं वहीप्रमाणे गेली. एकही प्रश्न बाहेरचा आला नाही, आणि ण प्रत्येक वेळी टाळूला लागून स्वच्छ पडला. 'शिक्षण', 'गुण', 'ऋण', 'आपण'. नरहरला आपल्याच आवाजाचा अभिमान वाटू लागला. अध्यक्षांनी मात्र चष्मा काढला, उपरण्यानं पुसला आणि कंटाळल्यासारखं म्हटलं, "सगळं बरोबर आहे. पाठ केल्यासारखं बरोबर. तुमच्याआधीचे गृहस्थही असंच बोलले. तेही वर्षभरात बदली मागतील, मला माहीत आहे. तुम्ही मागणार नाही कशावरून?"

हा प्रश्न वहीत नव्हता.

"बरं, हे सांगा. पहिल्या दिवशी खडकवळचं पोर पाटी घेऊन तुमच्यापुढे उभं राहील आणि म्हणेल 'पानी'. तुम्ही काय कराल?"

हा होता. सतरावा प्रश्न. विद्यार्थ्यास न दुखावता त्याचा उच्चार सुधारून घेईन, त्याला नळातला न आणि बाणातला ण यांतला भेद समजावून देईन. नरहरनं जीभ टाळूला नेली.

"आदी त्येला पानी देईन, सायेब," त्याच्या पाठीमागून कोणीतरी म्हणालं. "वाडीवरनं दीड कोस चालून आलेलं लेकरू. त्येला तान लागली आसंल. अक्षार काय, मागनं बी येतं."

कोण मधेच बोललं म्हणून नरहरनं मागे वळून पाहिलं. मागे पडवीचा कठडा होता आणि कठड्यापलीकडे ऊन. पुन्हा समोर वळताना त्याला कळलं, की आपला जबडा अजून हलतोय.

उजवीकडचे गृहस्थ इतका वेळ कठड्याबाहेर बघत होते, ते आता त्याच्याकडे बघत होते. अध्यक्षांनी चष्मा घालून पुढच्या कागदावर टाक टेकवला, पण लिहिलं नाही.

"पंचवीस वर्षं मी हा प्रश्न विचारतोय," ते म्हणाले. "नाव काय म्हणालात?"

"नथू. नथू कोंडाजी शेलार."

कारकुनानं कागद वर केला. "अर्जात नरहर आहे, साहेब."

"खोडा ते."

टाक कागदावरून आडवा गेला. त्याचा करकर आवाज सगळ्यांना ऐकू आला. उमेदवारानं उठून हात जोडले, तेव्हा कोटाचे खांदे अंगाबरोबर ताठ उभे होते.

संध्याकाळी तो लेण्याखालच्या पायवाटेनं घरी आला. वर पाहिलं नाही. अंबूबाई दारात उभी होती. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि म्हणाली, "नथू?"

"ओ, आये."

पौषात भैरोबाच्या देवळाच्या ओवरीत शाळा भरली. एकवीस मुलं आली, त्यांत सहा मुली. एवढी पोरं शाळेत कधी कोणी बघितली नव्हती. दारातच त्यानं भरलेली घागर आणि पेला ठेवला होता, आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी पाणी प्यायला लावलं. गावात त्याचा फार बोलबाला झाला. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं फळ्यावर मोठ्या अक्षरांत पहिला शब्द लिहिला. अक्षर वळणदार, बडोद्याचं होतं. तेवढं राहिलं होतं.

"म्हना," तो म्हणाला.

"पानी," मुलं एका सुरात ओरडली.

आणि समोरच्या डोंगरातून, डोळ्याचं पातं लवावं एवढ्या वेळानं, एकच आवाज आला. एकवीस मुलांचा नव्हे, एका माणसाचा. स्पष्ट, शुद्ध, शिकलेला, जीभ नीट टाळूला लावून उच्चारलेला.

"पाणी."

मुलं थांबली. आवाज पुन्हा आला. या वेळी कोणीही काही म्हटलं नव्हतं.

"पाणी."

पहिल्या रांगेतल्या कस्तुरानं पाटी मांडीवरून खाली ठेवली. तिनं घागरीकडे पाहिलं, मग डोंगराकडे, मग गुरुजींकडे.

"गुर्जी, वर कुनीतरी पानी मागतंय."

गुरुजी फळ्याकडे तोंड करून दुसरा शब्द लिहीत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"कुनी न्हाई," ते म्हणाले. "म्होरं वाचा."